चौथं वासरू का वाचलं?

रुद्राक्ष हलण्याआधी अंगठा हलला. फार नाही, नखाच्या जाडीइतका. लाल दोरा गुरुजींच्या तर्जनीवरून खाली सोडलेला होता आणि अंगठा दोऱ्याच्या गाठीवर टेकलेला होता. आधी अंगठ्याच्या मुळाशी असलेली शीर ताठ व्हायची, मग दोरा थरथरायचा, आणि मग खाली लोंबणारा रुद्राक्ष वासराच्या कपाळावर गोल फिरू लागायचा. मी कठड्याला टेकून हा क्रम पुन्हा पुन्हा पाहिला. तो एकदाही बदलला नाही.

माझ्याभोवतीच्या साठ-सत्तर माणसांनी मात्र फक्त रुद्राक्ष पाहिला.

हॅमिल्टनच्या कडेला, रोटोटुनातल्या नव्या घरांच्या रांगा संपल्या की वीसेक मिनिटांवर सुनीता आणि सुधाकरचं फार्म आहे. नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार होता. एरवी शेण आणि ओल्या लाकडाचा वास येणाऱ्या गुरांच्या यार्डात उदबत्त्यांचे पुडे जळत होते. बायकांनी पैठण्यांखाली गमबूट घातले होते, पुरुषांनी कुर्त्यांवर रेनजॅकेटं चढवली होती. डॉक्टर होते, नर्सेस होत्या, दोन इंजिनिअर जोडपी ऑकलंडहून पहाटे निघून आली होती. वासरं एका कोपऱ्यात दाटीवाटीनं उभी राहून या सगळ्यांकडे बघत होती.

"गाय म्हणजे काय? गाय म्हणजे राउटर," पुरुषोत्तमगुरुजी म्हणाले. "तेहतीस कोटी देव आणि एकच कनेक्शन. पण पासवर्ड? तो फक्त गुरूकडे."

लोक हसले, टाळ्या पडल्या. वेलिंग्टनहून आलेला अनिरुद्ध तिवईवर फोन लावून हा सोहळा थेट दाखवत होता. तो सरकारी खात्यात संगणकांच्या सुरक्षेचं काम बघतो. दिवसभर इतरांचे पासवर्ड तपासणाऱ्या त्या माणसानं या वाक्याला हात जोडले.

गुरुजींचा मठ म्हणजे ऑकलंडजवळच्या मनुरेवातल्या एका शिष्याचं गॅरेज. दोन वर्षांपूर्वी तिथे पाच माणसं जमायची. आता एका सांगण्यावरून एवढी माणसं शेणात उभी राहायला येत होती, त्याला कारण सप्टेंबरातला चमत्कार. त्या महिन्यात याच यार्डात गुरुजींनी सगळ्या वासरांवर रुद्राक्ष धरला होता. चार वासरांवर तो गरागरा फिरला. "ही चार पाहुणी आहेत," ते म्हणाले, "फार दिवस राहणार नाहीत." चौघांच्या गळ्यात त्यांनी काळा दोरा बांधला. पंधरा दिवसांच्या आत त्यांतली दोन हगवण लागून मेली. तिसरं ऑक्टोबरच्या अखेरीस एका सकाळी कुंपणाशी मरून पडलेलं सापडलं. चौथं जगलं, चांगलं गुटगुटीत झालं. तीन मेली म्हणून गुरुजींचं भाकीत खरं ठरलं आणि चौथं वाचलं म्हणून गुरुजींचा दोरा खरा ठरला. असा माणूस हरणार कसा?

आज उरलेल्या सगळ्या वासरांना दोरे बांधायचे होते. या सोहळ्याचं नाव 'गोकवच' होतं. आणि लसीचं काय, असं कुणीतरी विचारलं तेव्हा गुरुजींनी प्रेमळ हसून सांगितलं की त्यांचा लसीला विरोध मुळीच नाही, ते विज्ञान मानतात. पण सुईलाही मुहूर्त लागतो. आता मार्गशीर्ष लागलेला, पुढे पौष. पौषात अंगाला लोखंड लावू नये. माघ उजाडला की ते स्वतः वेळ काढून देतील.

तो पौष इथे भर उन्हाळ्यात येतो. इथल्या आकाशात चंद्रसुद्धा आपल्याकडच्या मानानं उलटा दिसतो. पंचांग मात्र पुण्याहून आलेलं.

मी हॅमिल्टनमध्ये जनावरांच्या रोगनिदानाच्या प्रयोगशाळेत काम करते. सुनीता माझी जुनी शेजारीण. हॉस्पिटलातली नर्सची नोकरी सोडून तिनं हे फार्म हातात घेतलं, तेव्हा सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं होतं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून तिनं गायींचा अख्खा कळप घेतला, गुरं कशी हाकायची, कठीण बाळंतपणात वासरू कसं ओढायचं, हे त्याच्याच मागे हिंडून शिकली. तिचा नवरा सुधाकर फार्मसिस्ट. तो हिवाळाभर लोकांच्या दंडात फ्लूची लस टोचत असतो.

एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे, कारण तिथे ती कुणी उच्चारत नव्हतं. इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर या जागेला 'गोशाळा' म्हणत. ही गोशाळा नाही. ही मांसासाठी वाढवायची वासरं. दीड-दोन वर्षांची झाली की ती ट्रकमधून वर्क्सला, म्हणजे कत्तलखान्यात जातात. सुनीतानं हे पहिल्या दिवसापासून मान्य केलं होतं. सुधाकरनं केलं नव्हतं. पहिला ट्रक भरून गेला त्या संध्याकाळी तो जेवला नाही, असं सुनीतानं मला सांगितलं होतं. त्यानंतर वर्षभरानं त्याला गुरुजी भेटले आणि म्हणाले, "दोष आहे, पण निवारण आहे." ज्या गोष्टीबद्दल तो बायकोशीही बोलू शकत नव्हता, ती या माणसानं न विचारता ओळखली, असं त्याला वाटलं. अंगणात ट्रकच्या चाकांच्या खुणा होत्या. ओळखायला दिव्यदृष्टी लागत नव्हती.

मी या प्रकरणात आले ती तिसऱ्या वासरामुळे. त्याच्या मांडीच्या स्नायूचा तुकडा आमच्या प्रयोगशाळेत तपासणीला आला. स्नायू काळा पडलेला, फसफसलेला, उग्र गोडसर वासाचा. आपल्याकडे या रोगाला फऱ्या म्हणतात. मांडी सुजते, दाबली की कातडीखाली कुरकुर आवाज येतो आणि बहुतेक वेळा आजार कळायच्या आत वासरू मेलेलं असतं. याचे जंतू वर्षानुवर्षं मातीत निपचित पडून राहतात. माती खोदली की वर येतात आणि चारा-पाण्याबरोबर पोटात जातात.

तुकड्यासोबत फार्मचं नाव होतं. मी सुनीताला फोन केला. अलीकडे कुठे खोदकाम केलंय का, म्हणून विचारलं. ती म्हणाली की हो, खालच्या कुरणात, ईशान्य कोपऱ्यात. गुरुजींनी ध्यानमंदिराचा पाया खणायला सांगितलं होतं.

लस दिली का, म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, "बघू. सुधाकर म्हणतो माघात."

हे 'बघू' मी पुढचा महिनाभर ऐकलं. गुरांची डॉक्टर मेगन, तिनंही ऐकलं. मेगनचं म्हणणं साधं होतं. वासरू जन्मलं की पहिले काही महिने त्याचं रक्षण आई करते. या गायींना जुना मालक नेमानं लस देत आला होता, सुनीतानंही ती दिली होती, त्यामुळे त्यांच्या चिकात रोगाशी लढणारी प्रतिद्रव्यं भरपूर होती. ती अंगात असताना वासराला लस टोचली तर फुकट जाते, आईची प्रतिद्रव्यंच ती निकामी करतात. म्हणून ऑगस्टमध्ये मेगन स्वतःच म्हणाली होती की इतक्यात नको, तीन महिन्यांची होऊ देत. पण तीन महिन्यांच्या सुमाराला आईचं देणं संपत येतं. तेव्हा पहिला डोस हवाच, आणि चार ते सहा आठवड्यांनी दुसरा. पहिल्या डोसनं अंगाला नुसती ओळख होते. खरं संरक्षण येतं ते दुसऱ्यानंतर. लवकर दिली तर वाया, उशिरा दिली तर वासरू गेलेलं. मुहूर्त असलाच तर तो हा आहे, आणि तो वासराच्या रक्तात असतो.

मेगनचं 'इतक्यात नको' हे वाक्य गुरुजींनी उचललं. "बघा, डॉक्टरीणबाईसुद्धा थांबा म्हणतात," असं त्यांनी ऑगस्टमध्ये सांगितलं आणि नोव्हेंबर संपत आला तरी तेच सांगत होते.

शुक्रवारी दुपारीच मी फार्मवर पोहोचले होते. पायाचा खड्डा उघडाच होता, त्यात पाणी साचलेलं, आणि कुंपणाची तार सैल पडल्यामुळे वासरं बिनधास्त ते पाणी पीत होती. मी सुनीताकडे पाहिलं. तिनं मान दुसरीकडे वळवली.

स्वयंपाकघरात सुधाकरची शकुमावशी उद्याच्या प्रसादाची तयारी करत होती. ती साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेली. बोलता बोलता तिनं गणपतीतल्या खरवसाची आठवण काढली. हॅमिल्टनमध्ये अजून लोक त्याबद्दल बोलतात, ती म्हणाली. पावडरचा नाही, खऱ्या चिकाचा, गूळ-वेलदोडा घालून. चार गायींची चार पातेली. तीन तर अशी घट्ट लागली की सुरीनं वड्या पडल्या. चौथं पातेलं काही लागलं नाही, पातळच राहिलं, आणि चीकही त्या गायीनं जेमतेम दिला. मावशीच्या मते चुलीचा दोष.

मी चहाचा कप खाली ठेवला आणि चार गायी कोणत्या, म्हणून सुनीताला विचारलं. बाकीच्या गायी मांसाच्या जातीच्या, अंगाला हात लावू देत नाहीत. फक्त चार गायींत दुभत्या जातीचं रक्त होतं आणि त्या गरीब होत्या, धार काढायला उभ्या राहायच्या. योगायोगानं त्या चारही गणपतीच्या आठवड्यात व्यायल्या. गुरुजींनी आज्ञा केली होती की पहिला चीक देवाचा. वासराला त्या दिवशी उपास. संध्याकाळच्या आरतीनंतरच त्याला आईकडे सोडायचं.

"आणि गुरुजींनी नंतर जी चार वासरं निवडली," मी विचारलं, "त्यांच्या आया कोणत्या?"

सुनीता एकेक गाय बोटांवर मोजू लागली आणि चौथ्या बोटाशी अडली. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी हॉस्पिटलात नातेवाइकांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. ती बाळंतपणाच्या वॉर्डात काम केलेली नर्स होती. नव्या आयांना पहिलं दूध पाजा, टाकू नका, हे तिनं किती जणींना सांगितलं असेल.

"मला सुचलं कसं नाही?" ती हळूच म्हणाली. मग, "उद्या काही बोलू नकोस. सुधाकर कोसळेल. बघू."

शनिवारी मी बोलायचं नाही असं ठरवूनच यार्डात उभी होते. पण गुरुजींनी चौथ्या वासराला पुढे आणायला सांगितलं. पांढऱ्या तोंडाची कालवड होती ती. सुधाकर-सुनीताची आठ वर्षांची आरुषी तिला इथल्या पांढऱ्याशुभ्र केकच्या नावावरून पॅव्लोव्हा म्हणायची. या वासरांना नावं ठेवायची नाहीत असा घरचा नियम होता, तो तिनं एकटीनं मोडला होता. गुरुजींनी पॅव्लोव्हाच्या गळ्यातला काळा दोरा उचलून फोनसमोर धरला आणि म्हणाले की मृत्यू दाराशी येऊन परत गेला तो या दोऱ्यामुळे. मग दोन मेलेल्या वासरांचा उल्लेख त्यांनी "ज्यांचं कर्म संपलं ते" असा केला. तिसऱ्याचाही.

तिसऱ्याच्या मांडीचा तुकडा मी प्रयोगशाळेत हातात धरला होता. मी कठड्यावरून आत गेले.

"गुरुजी, एक विनंती आहे," मी म्हणाले. "रुद्राक्ष हाच, वासरू हेच. दोरा फक्त त्या गेटच्या खिळ्याला टांगू या का? फिरतो का बघू."

ते हसले. "ताई, हे यंत्र नाही. प्रवाह साधकाच्या देहातून येतो."

"मग देह तुमचाच राहू दे. डोळ्यांना पट्टी बांधू आणि वासरं एकामागून एक पुढे आणू. मघाशी ज्यांच्यावर फिरला त्यांच्यावरच फिरतो का, ते कळेल."

गर्दीत कुजबुज झाली. सुधाकर पुढे आला. "विनया, प्लीज. माझ्या घरी आलेत ते."

गुरुजींनी त्याला हातानं थांबवलं. त्यांच्या हुशारीची मला तेव्हा खरी कल्पना आली. ते गर्दीकडे वळून म्हणाले, "ताई शास्त्र शिकल्या आहेत. शास्त्राला माझा अंगठा दिसतो. ठीक आहे, अंगठाच म्हणा. मीच हलवला म्हणा. पण मरणारी चार वासरं त्या अंगठ्यानं आधीच दाखवली की नाही? बोला."

टाळ्या पडल्या. कुणीतरी जयजयकार केला.

"दाखवली," मी म्हणाले. "कशी दाखवली तेच सांगते."

मी अनिरुद्धला गणपतीतल्या गोपूजेचा व्हिडिओ लावायला सांगितला. तो त्यानंच काढला होता. थेट प्रक्षेपणासाठी फार्मवरच्या घराच्या गॅरेजच्या तोंडाशी मोठा टीव्ही ठेवला होता, त्यावर ते दृश्य आलं. चार वेगवेगळ्या सकाळी, दर सकाळी एक गाय, झेंडूच्या माळा, कपाळाला कुंकू, खाली शकुमावशीचं पातेलं. बाजूच्या खोपट्यात बांधलेली वासरं आणि त्यांच्या पाठीवर हात फिरवत त्यांचा उपास समजावणारे गुरुजी. प्रत्येक वासराला त्यांनी स्वतः कुंकू लावलं होतं.

"सुनीता," मी विचारलं, "मेलेल्या तीन वासरांच्या आया कोणत्या?"

ती कठड्याबाहेर उभी होती. सुधाकर तिच्याकडे बघत होता.

"याच," ती म्हणाली. "आणि पॅव्लोव्हाचीही यातलीच. चारही याच."

मग मी जे सांगितलं ते शाळेत शिकवतात तसं सांगितलं, कारण तिथे शिकलेली माणसंच होती आणि त्यांना ते पूर्वीपासून ठाऊक होतं. माणसाच्या बाळाला आईकडून काही प्रतिद्रव्यं पोटात असतानाच मिळतात. वासराला एकही मिळत नाही. ते कोरडं जन्माला येतं. त्याला जे मिळायचं ते चिकातून, आणि तेही पहिल्या दिवसात, त्यातही पहिल्या काही तासांत. त्या वेळी त्याच्या आतड्याची दारं उघडी असतात, प्रतिद्रव्यं जशीच्या तशी रक्तात जातात. तासागणिक ती दारं मिटत जातात. संध्याकाळच्या आरतीपर्यंत बहुतेक मिटलेली असतात. नंतर वासरू कितीही दूध प्यायलं तरी पोट भरतं, संरक्षण मिळत नाही. असं वासरू पहिल्या साध्या हगवणीत जातं, आणि त्यातून वाचलं तर उघड्या मातीतला फऱ्या त्याला गाठतो.

"बाकीच्या गायींनी धार काढू दिली नसती, लाथ मारली असती," मी म्हणाले. "म्हणून त्यांची वासरं आज उभी आहेत. त्यांचं कवच त्यांच्या आयांनी पाजलं. या चौघांचं कवच आपल्या ताटात आलं. गुरुजी, तुम्हीच प्रवचनात सांगता की तुमचा जन्म गोठ्यातला. पुढे गावोगाव पशुखाद्य विकल्याचंही सांगता. गोठ्यात वाढलेल्या माणसाला चीक न प्यायलेलं वासरू टिकत नाही, हे ठाऊक नसतं?"

शकुमावशीचा हात तोंडावर गेला. "म्हणजे आम्ही वड्या पाडून खाल्लं ते..." पैठणी नेसलेली एक डॉक्टर खाली स्वतःच्या बुटांकडे बघत होती.

गुरुजींनी क्षणभर डोळे मिटले. उघडले तेव्हा आवाज आणखी मऊ झाला होता. "छान. फार छान समजावलंत. पण ताई, चौथं का वाचलं? त्याच्याही आईचा चीक काढला. त्यालाही उपास होता. तेही तुमच्या शास्त्राप्रमाणे कोरडंच. मग हे समोर उभं आहे ते कुणामुळे?" त्यांनी पॅव्लोव्हाच्या गळ्यातला दोरा हलकेच ओढला. "सांगा ना. शास्त्राला विचारतोय."

कालपासून मी त्याच एका जागी अडले होते. चीक न मिळालेली काही वासरं नशिबानं जगतात, असं मी म्हणू शकले असते आणि ते खरंही होतं. पण त्या क्षणी ते सबबीसारखं वाटलं असतं. टाळ्या पुन्हा सुरू झाल्या, आधी विरळ, मग जोरात. अनिरुद्धनं फोन माझ्या चेहऱ्याकडे वळवला.

"शी डिडन्ट फास्ट."

आरुषी गेटच्या खालच्या फळीवर उभी होती. टाळ्यांत कुणाला नीट ऐकू गेलं नाही. सुनीतानं ऐकलं. तिनं मराठीत विचारलं, कोण, काय म्हणतेस.

"पॅव्लोव्हा. शी वॉज क्राइंग, आई. हीप्स. खूप. सो आय ओपन्ड द गेट." तिनं बापाकडे चोरून पाहिलं. "सकाळी. एव्हरीवन वॉज डेकोरेटिंग द मखर. शी ड्रँक अँड ड्रँक. देन आय पुट हर बॅक. बाबा सेड उपास, सो आय डिडन्ट टेल."

वासरांच्या खुरांचा चिखलातला आवाज ऐकू येत होता.

"तरीच," शकुमावशी म्हणाली. "तरीच चौथं पातेलं लागलं नाही. त्यातला घट्ट चीक आधीच हिच्या पोटात गेलेला. मी आपली चुलीला बोल लावत बसले."

मी गुरुजींकडे पाहिलं. ते रुद्राक्षाचा दोरा बोटाला गुंडाळू लागले. गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "लेकराची श्रद्धा. तिच्या रूपानं देवच..."

"शी वॉज जस्ट हंग्री," आरुषी म्हणाली.

कुणीतरी हसलं. वाईट हसू होतं ते, पण त्या हसण्यानं गर्दी फुटली. माणसं आपापल्या गाड्यांच्या किल्ल्या चाचपू लागली. अनिरुद्धनं तिवईवरचा फोन काढून खिशात टाकला. जिथे श्रद्धा नाही तिथे गुरू थांबत नाही, असं काहीसं बोलून गुरुजी मनुरेवाच्या शिष्यामागे गाडीकडे चालू लागले. त्यांच्या पायात सुधाकरचे गमबूट होते.

मला तेव्हा गप्प बसणं जमलं असतं. मी बसले नाही. निघालेल्या लोकांना मी थांबवलं आणि म्हणाले की या माणसावर चिडून घरी जाणं फार सोपं आहे. त्यानं चार वासरं उपाशी ठेवायला लावली हे खरं, पण खोपट्याची कडी घरच्यांनी घातली, पातेली आपण चाटूनपुसून खाल्ली, आणि आपल्यातल्या निम्म्या लोकांनी प्रतिद्रव्यांवर परीक्षा दिलेल्या आहेत. हॉस्पिटलच्या दाराबाहेर पडताना आपण आपली अक्कल ओळखपत्रासारखी गळ्यातून काढून ठेवतो का? उरलेली वासरं आज धडधाकट दिसतात, ती आईच्या उधारीवर. ती उधारी आता संपत आली आहे. खाली खड्डा उघडा आहे. माघापर्यंत यातली काही मेली असती, तर त्यांचं कर्म संपलं असतं. जगली असती, तर दोरा खरा ठरला असता. ज्या दाव्याला खोटं ठरण्याची सोयच नाही, तो दावा ऐकल्याबरोबर सावध व्हा. कुणी काही सांगितलं तर एवढंच विचारा, हे चुकीचं असेल तर मला कसं कळेल? उत्तर मिळालं नाही तर उठून या. एवढी हिंमत करायला पदवी लागत नाही. आठ वर्षांच्या मुलीनं ती केली, आणि आपल्या भीतीनं तिला ती तीन महिने लपवावी लागली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बरं झालं.

सुधाकर गेटजवळ उभा होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. मग सुनीताजवळ येऊन, जमिनीकडे बघत म्हणाला की आज सगळ्यांचं डोकं तापलंय, आज काही नको. शांतपणे विचार करू. माघ काही फार लांब नाही. "बघू," तो म्हणाला.

सुनीतानं खिशातली कात्री काढली. फार्मवर ती नेहमी तिच्या खिशात असते. ती पॅव्लोव्हाजवळ गेली, काळ्या दोऱ्याखाली बोट घातलं आणि तो कापला. वासरानं मान झटकली. दोरा चिखलात पडला, तिनं वाकून उचलला आणि मुठीत धरला. मग ती वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, नवऱ्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली,

"सोमवारी सकाळी मेगनला बोलावते आहे मी. एकूण एक वासराला लस टोचायची, पाच आठवड्यांनी दुसरी, आणि तेव्हा पौष असला तरी टोचायची."